दाभण चालतं, मग सुई का नाही?

आम्ही काष्टीहून बोलतोय. काष्टी म्हटलं की सगळ्यांना जनावरांचा बाजार आठवतो. त्या दिवशी घरची माणसं बाजारात आणि आम्ही चहाच्या भांड्यात, म्हणून गटाची बैठक आम्ही शनिवार सोडून ठेवतो.

अशाच एका बैठकीत, शाळा नुकत्या सुरू झाल्या होत्या तेव्हा, एक सभासद सांगू लागली, "ताई, पोरगी दोन दिवस शाळेत गेली नाही." आम्हाला वाटलं ताप वगैरे असेल. तसं काही नव्हतं. गणवेश काखेत उसवला होता. टेलरकडे लग्नाच्या कपड्यांची रास, तो म्हणाला चार दिवसांनी या. दुसरा जोड नव्हता. आईनं पिन लावून दिली, तर पोरगी म्हणाली, पिन लावून मी जाणार नाही, मुलं हसतात. आठवीतली पोर, तिचंही खरंच होतं.

आम्ही विचारलं, "मग घरीच चार टाके का नाही घातले?"

"मला कुठं शिवता येतंय, ताई?"

आता गंमत बघा. हीच बाई उन्हाळ्यात कांद्याच्या गोण्यांची तोंडं दाभणानं भराभरा शिवते. दाभण आणि सुतळी चालते, पण सुई-दोरा म्हटलं की "मला येत नाही". त्या दिवशी बसलेल्या चौदा जणींना आम्ही विचारलं, उसवलेलं घरी कोण शिवतं? तीन हात वर आले. त्यातल्या दोघी सत्तरीच्या आज्या होत्या, गोधड्या शिवणाऱ्या.

यात आमचाही दोष आहे. शिवणकाम म्हटलं की आम्ही गटात आधी मशीनची गोष्ट काढतो. मागं दोघींनी कर्ज काढून मशीन घेतली. एकीचं चांगलं चाललंय. दुसरीच्या मशीनवर आज टीव्ही ठेवलाय. तिला मापही घेता येत नव्हतं आणि साधा टाकाही येत नव्हता, आणि आम्ही ते आधी पाहिलं नाही. आजही बायका विचारतात, मशीनची योजना आहे का? आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय आहेत, त्यात शिंपीकामही आहे. प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला पाचशे रुपये आणि अवजारांसाठी पंधरा हजारांपर्यंत मदत आहे. पण ती हातानं आणि अवजारानं स्वतःचं काम करणाऱ्या कारागिरासाठी आहे. म्हणून आधी हात बसायला हवा.

आपल्या भागाला हे नवं नाही. दौंडच्या पलीकडे केडगावला सव्वाशे वर्षांपूर्वी पंडिता रमाबाईंनी दुष्काळातून आलेल्या निराधार बायका-मुलींना मुक्ती सदनात आसरा दिला. तिथं लिहिण्यावाचण्याबरोबर शिवणकाम, विणकामही शिकवलं जाई. पुण्यात १९०९ साली रमाबाई रानड्यांनी सेवासदन सुरू केलं, तिथंही शिवणाचे वर्ग होते.

तर आता कामाचं बोलू. दोरा हातभर घ्या, बोटांपासून कोपरापर्यंत. लांब घेतला की सारखं ओवावं लागत नाही असं वाटतं, पण तो गुंततो आणि गाठी सोडवण्यात निम्मा वेळ जातो. सुईच्या पाकिटावर नंबर असतो. नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक, हे उलटं आहे, लक्षात ठेवा.

पहिला टाका धावदोरा. सुई खाली, वर, खाली, वर. गोधडीचा तोच. तो पटकन होतो, पण ताण आला की सुटतो. म्हणून काख, पँटची बैठक, पिशवीचा बंद इथं धावदोरा घालू नका. तिथं टीप घाला, काही जणी बखिया म्हणतात. सुई एक टाका पुढं काढायची, मग मागं येऊन आधीच्या टाक्याच्या शेवटाला खाली घालायची, आणि पुन्हा एक टाका पुढं काढायची. एक पाऊल मागं, दोन पुढं. वरून मशीनच्या शिलाईसारखी सलग ओळ दिसते आणि खालून दोरा दुहेरी पडतो. एखादा टाका तुटला तरी बाकीची शिवण धरून राहते. त्या गणवेशाला आम्ही हीच घातली. उसवलेल्या जागेच्या अलीकडे-पलीकडे बोटभर जुन्या शिवणीवरून सुरुवात केली. वीस मिनिटं लागली, तीही बोलत बोलत.

इथं पेंडेच्या पोत्याची आठवण काढा. बरोबर टोक सापडलं की एक दोरा ओढला आणि सगळं तोंड उघडलं! ती साखळीची शिवण असते. बाजारातल्या कितीतरी तयार कपड्यांच्या खालच्या दुमडीला अशीच शिवण असते. म्हणून लोंबणारा दोरा दिसला की ओढू नका, दातानं तोडूही नका. तो सुईत ओवा, उलट बाजूला न्या आणि दोन गाठी मारा. एवढ्यानं गाऊन वाचतो.

तिसरा टाका हेम, म्हणजे दुमड शिवायचा. दुमडीची कड सुईनं धरायची आणि खालच्या कापडाचा एखाद-दुसराच धागा उचलायचा, म्हणजे सुलट बाजूला टाका दिसत नाही. साडीला फॉल लावायला हाच कामाला येतो. फॉल मात्र आधी पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्या. नाहीतर पहिल्या धुण्याला फॉल आटतो आणि साडी चुण्या पडून वर चढते.

ठिगळाचंही तसंच. जुन्या कापडाला कोरं कापड लावू नका, ते आटतं आणि भोवतालचं झिजलेलं कापड फाडतं. जुन्याला जुनंच लावा. उभा धागा उभ्याला जुळवा, आणि ठिगळाचे कोपरे गोल कापा, टोकदार कोपरा लवकर सुटतो.

बटण लावताना बटण आणि कापड यांच्यामध्ये आगपेटीची काडी ठेवा. टाके झाले की काडी काढा आणि बटणाखाली दोऱ्याचे तीन-चार वेढे देऊन गाठ मारा. बटण घट्ट बसतं, पण काजात घालताना ओढत नाही. हे शिकवताना एका सभासदाचा सहावीतला मुलगा शेजारी बसून बघत होता. त्यानं स्वतःच्या शर्टाचं बटण लावलं. आजी म्हणाली, "अगं, पोराच्या हातात सुई कशाला?" पोरगा म्हणाला, "आजी, आपला टेलर पण माणूसच हाय की!" आजीला पुढं बोलता आलं नाही.

पुढची बैठक बुधवारी दुपारी आहे. घरातलं उसवलेलं एक काहीही घेऊन या, पण धुऊन आणा. सुई नुसती पदराला टोचून येऊ नका, कागदात खोचून आणा. मागच्या वेळी एक सुई सतरंजीत हरवली आणि ती सापडेपर्यंत आम्ही सगळ्या उभ्याच होतो.