म्हशाच्या वाटेवर ट्रकवाल्याला आपण दिसतो का?



पौष पौर्णिमा जवळ आली की मुरबाड तालुक्यातल्या म्हशाच्या यात्रेची बोलणी सुरू होतात. खांबलिंगेश्वराचं दर्शन, घोंगड्यांची खरेदी आणि सगळ्यात मोठं आकर्षण म्हणजे बैलांचा बाजार. ठाणे-रायगडचे शेतकरी तर येतातच, पण माळशेज उतरून घाटावरचेही येतात. नेमक्या याच दिवसांत गळीत हंगाम भरात असतो. त्यामुळे बैल, बैलगाड्या, उसाचे ट्रॅक्टर, मोटारसायकली आणि मोठाले ट्रक सगळे एकाच रस्त्यावर. टोकावडे, सरळगाव, मुरबाड असा येणारा महामार्ग घ्या, नाहीतर मुरबाडहून म्हशावरून कर्जतकडे जाणारा रस्ता घ्या, गर्दी दोन्हीकडे.

आपण म्हणतो, "एवढी मोठी गाडी हाकतोय, त्याला दिसत नाही का?" खरी गोष्ट अशी की पुष्कळदा त्याला खरोखरच दिसत नाही.

हिशेब करून बघा

ताशी ६० किलोमीटर वेगाने येणारा ट्रक एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे सरकतो. ड्रायव्हरच्या ध्यानात येऊन पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक-दीड सेकंद जातो. मग ब्रेक लागणार, मग भरलेला ट्रक थांबणार. रस्ता कोरडा आणि ब्रेक चांगले असले तरी ५०-६० मीटर जातातच. आता समजा, रात्री समोरून गाडी येते म्हणून त्याने दिवे खाली केले आणि बिनदिव्याची बैलगाडी त्याला ४० मीटरवर दिसली. ड्रायव्हर कितीही हुशार असू द्या, हिशेब जुळत नाही. बैलगाडी जागची हलणार किती? माणसाच्या चालीने!

म्हणून गाडीला चमकणारी पट्टी पाहिजेच. पुढे पांढरी, मागे लाल, बाजूला पिवळी. ट्रकच्या दिव्याचा उजेड पडताच ती लांबूनच चमकते आणि ड्रायव्हरला सावरायला वेळ मिळतो. पण मोळ्या रचल्यावर पट्टी झाकली तर उपयोग शून्य. वाढं खाली लोंबतं आणि ट्रॉलीचा मागचा दिवाही त्यात गडप होतो. म्हणून ऊस भरून झाला की दहा पावलं मागं जाऊन एकदा बघावं, पट्टी आणि दिवा दिसतो का. याला पैसा लागत नाही.

ट्रकची आंधळी बाजू

ट्रकचा ड्रायव्हर उंचावर आणि उजव्या अंगाला बसतो. त्यामुळे अगदी नाकासमोरचं, पाठीमागचं आणि डाव्या अंगाचं बरंचसं त्याच्या नजरेत येत नाही. खूण सोपी आहे. ट्रकच्या आरशात तुम्हाला ड्रायव्हरचं तोंड दिसत नसेल, तर तुम्हीही त्याला दिसत नाही असं समजावं.

मोटारसायकलवाल्या पोरांना हे घरात बसवून सांगा. डावीकडच्या फटीतून पुढं घुसायचं नाही. लांब ट्रक वळताना त्याची मागची चाकं पुढच्या चाकांच्या मागोमाग जात नाहीत, आतल्या अंगाला कापत येतात. पेट्रोल पंपावर, फाट्यावर, कारखान्याच्या फाटकात ट्रक डावीकडे वळत असेल तर त्याच्या डाव्या अंगाला कुणी उभं राहू नये. ट्रॉलीची साखळी धरून सायकल ओढून घेणं हा तर मरणाशी खेळ आहे.

"हॉर्न ओके प्लीज" वाचत आपण मोठे झालो. हॉर्न दिला की वाट मिळालीच, अशी समजूत त्यातून झाली. २०१५ साली महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने ही अक्षरं लिहायला बंदी केली. हॉर्न देऊनही पुढचा रस्ता मोकळा होत नसतो. तो डोळ्यांनीच बघावा लागतो.

घाट उतरताना

माळशेजचा घाट सगळ्यांच्या परिचयाचा. २ जानेवारी २०१४ रोजी ठाण्याहून नगरकडे निघालेली एस.टी. याच घाटात दरीत कोसळली आणि २७ जणांचे प्राण गेले. घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यावी. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये गाडी उतरवू नये. सारखा ब्रेक दाबला की तो तापतो आणि ऐन वेळी धरत नाही, म्हणून खालच्या गिअरातच उतरावं. वळणावर ट्रकला ओलांडू नये. पंक्चर झालं म्हणून चाकाला लावलेला दगड निघताना बाजूला टाकावा. तो तिथंच राहिला तर मागून येणाऱ्याचा घात होतो.

बैल घेऊन येताना

नव्या जोडीला ट्रकच्या हॉर्नची सवय असेलच असं नाही. चालवत आणायची तर दिवसाउजेडी, डाव्या कडेनं, आणि दावं धरणारा माणूस बैल आणि वाहनं यांच्या मध्ये पाहिजे. गाडीतून आणायची तर जनावरांच्या वाहतुकीचे १९७८ चे नियम आहेत. एका गाडीत सहापेक्षा जास्त गुरं नकोत, सोबत राखणदार हवा, पायाखाली घसरणार नाही असं काथ्याचं अंथरूण वा फळी हवी, आणि तोंडं शक्यतो इंजिनकडे. दाटीनं भरलेले बैल वळणावर एका अंगाला कलले की गाडीही कलते. स्वस्तात जोडी मिळाली आणि रस्त्यात गमावली, असं होऊ नये.

ट्रक तरी कुणाचे?

सगळा दोष ट्रकवाल्यावर टाकून मोकळं होता येणार नाही. उसाचा ट्रक आपल्याच फडातून निघतो. "अजून चार मोळ्या बसतील, टाका" असं आपणच म्हणतो. रात्रभर नंबरात उभा राहून डोळे लाल झालेल्या ड्रायव्हरला "लगेच दुसरी खेप मार" असंही आपणच सांगतो. ऊस तुटून वाळतोय ही काळजी खरी आहे. पण वाळलेल्या उसाचं वजन थोडं घटेल, गेलेला माणूस परत येणार नाही. ड्रायव्हरला दोन घटका झोपू देणं हाही शेतकऱ्याचाच फायदा आहे.

इतकं करूनही अपघात घडलाच तर बघत उभं राहू नका. १०८ ला फोन करा. पोलिसांचा ससेमिरा लागेल या भीतीनं लोक मागं सरतात. पण २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात मदत करणाऱ्याला संरक्षण दिलेलं आहे. २०२५ पासून अपघातग्रस्ताला ठरवून दिलेल्या दवाखान्यांत सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत विनारोकड उपचाराची केंद्र सरकारची योजना आहे. हे घरातल्या सगळ्यांना माहीत असू द्या.

तेव्हा यात्रेला जरूर जा, चांगली जोडी पारखून घ्या. पण निघण्याआधी गाडीची पट्टी आणि ट्रॉलीचा दिवा बघा. घाटातल्या पाटीवर लिहिलेलं आपण वाचतोच: अति घाई, संकटात नेई. ते नुसतं वाचायला लिहिलेलं नाही.