खासगीपणा पटण्यासाठी आधी दिसायला हवा

‘गेल्या १४ दिवसांत तुमचे लोकेशन ५,३९८ वेळा दिले गेले आहे.’ अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात अँड्रॉइड फोन वापरणाऱ्यांना अशा धर्तीचे संदेश येत होते. आकडा ज्याच्या त्याच्या फोनमधला होता आणि लोकेशन घेणाऱ्या ॲपची नावेही सोबत होती. कोणत्या ॲपला काय पाहू द्यायचे हे ठरवण्याची सोय या लोकांना आधीच देऊन झाली होती. पण नव्याची नवलाई ओसरल्यावर तिच्याकडे फिरकणे कमी झाले होते. संदेश सुरू झाल्यावर ९५ टक्के लोकांनी आपल्या परवानग्या पुन्हा तपासल्या आणि त्यांतल्या ५८ टक्क्यांनी काही परवानग्या आणखी आवळल्या. प्रयोगात माणसे अवघी २३ होती, त्यामुळे टक्केवारीला फार ताणू नये. पण दिशा स्पष्ट आहे. माणसे तीच होती, सोयही तीच होती. आपल्या फोनमध्ये काय चालले आहे हे तेवढे त्यांना नव्याने दिसले. खासगीपणा जपणाऱ्या मोबाइल ॲपची नव्याने आखणी करायची असेल, तर सुरुवात इथून करावी लागेल. अशा ॲपमध्ये ताकद नसते असे नाही. ती ताकद वापरणाऱ्याच्या नजरेस पडत नाही, हे त्यांचे मुख्य दुखणे आहे.

याचे कारण या कामाच्या स्वभावातच आहे. घरात चोर शिरला नाही, तर तो कुलपामुळे शिरला नाही की मुळात कुणी आलेच नव्हते, हे घरमालकाला कळत नाही. मोबाइलवर तर आलेलाही दिसत नाही. बहुतेक ॲप बनवणारे जाहिरातीसाठी किंवा वापराच्या विश्लेषणासाठी इतर कंपन्यांचे तयार कोड आपल्या ॲपमध्ये बसवतात. ॲप उघडले की हे कोड आपापल्या कंपनीच्या सर्व्हरशी परस्पर बोलू लागतात आणि फोनचे मॉडेल, जाहिरातीसाठीचा ओळखक्रमांक, कधी लोकेशन अशी माहिती पाठवतात. यांनाच ट्रॅकर म्हणतात. डकडकगो या कंपनीने २०२१ मध्ये अँड्रॉइडसाठी आणलेली ट्रॅकर रोखण्याची सोय नेमकी इथे काम करते. फोनमधल्या फोनमध्येच एक व्हीपीएन जोडणी उभी करून ती बाहेर जाणाऱ्या विनंत्या पाहते आणि माहीत असलेल्या ट्रॅकरकडे जाणाऱ्या अडवते. पण ही सोय चालू करताच अँड्रॉइड इशारा देते, की हे ॲप तुमच्या नेटवर्कवरील वाहतुकीवर लक्ष ठेवू शकेल. म्हणजे खासगीपणासाठी घेतलेल्या ॲपची पहिली ओळख पाळतीच्या इशाऱ्याने होते! तो इशारा यंत्रणेचा आहे, ॲपला तो पुसता येत नाही आणि पुसूही नये. पण त्याच्या आधीच्या पडद्यावर दोन सरळ वाक्ये हवीत: पुढे कोणता इशारा येणार आहे, आणि विनंत्यांची गाळण फोनमध्येच होत असल्याने तुमची वाहतूक आमच्या सर्व्हरकडे येत नाही.

आजवर मात्र या क्षेत्राचा भर लांबलचक मजकुरावर, चिन्हांवर आणि सेटिंगच्या याद्यांवर राहिला. त्याचे निकाल निराशाजनक आहेत. १९९९ साली अल्मा व्हिटन आणि जे. डी. टायगर या संशोधकांनी ईमेल कूटबद्ध करणाऱ्या ‘पीजीपी ५.०’ची परीक्षा घेतली. १२ जणांना ९० मिनिटे दिली, तेव्हा सुमारे एक तृतीयांश लोकांनाच संदेश नीट कूटबद्ध करून सही करता आली. तिघांनी तर गुप्त मजकूर चुकून उघडाच पाठवला. संकेतस्थळांची खासगीपणाविषयीची धोरणे खरोखर वाचायची, तर एका अमेरिकी माणसाचे वर्षाला दोनशेच्या आसपास तास जातील, असा अंदाज मॅकडोनल्ड आणि क्रेनर या संशोधकांनी २००८ मध्ये मांडला. २०१२ मधील बर्कली येथील अभ्यासात, ॲप बसवताना परवानग्यांच्या पडद्याकडे लक्ष देणारे फक्त १७ टक्के निघाले, आणि परवानग्यांच्या अर्थाविषयीचे तिन्ही प्रश्न बरोबर सोडवणारे ३ टक्के. क्रोम ब्राउझरमधल्या कुलपाच्या चिन्हाचा नेमका अर्थ केवळ ११ टक्के लोकांना कळतो, असे गूगलच्याच २०२१ च्या पाहणीत आढळले आणि २०२३ मध्ये ते चिन्ह बदलण्यात आले. लोक अडाणी आहेत, असा निष्कर्ष यातून काढणे चूक आहे. त्यांना माहिती चुकीच्या वेळी आणि त्यांच्या कामाशी संबंध नसलेल्या रूपात मिळते. २०१५ मध्ये अँड्रॉइडने परवानगी ॲप बसवताना न विचारता गरज पडेल त्या क्षणी विचारायला सुरुवात केली, ती याच जाणिवेतून.

म्हणून नव्या आखणीचा गाभा म्हणजे पुरावा आणि निर्णय यांची जोडी. ‘आम्ही तुमचे रक्षण करतो’ हे वाक्य काहीच सांगत नाही. ‘टॉर्चच्या ॲपने आज तुमचे लोकेशन मागितले, टॉर्चला त्याची गरज नसते, बंद करायचे?’ या तीन तुकड्यांत कुणी, काय आणि आता काय करता येईल, हे सारे येते. ‘हँडशेक’, ‘फिंगरप्रिंटिंग’, ‘डोमेन’ हे शब्द ज्याला हवे त्याच्यासाठी आतल्या पानावर असावेत.

यावर पहिला आक्षेप असा, की लोकांना खासगीपणाची पर्वाच नसते. चिंता बोलून दाखवतात आणि दोन रुपयांच्या सवलतीसाठी मोबाइल नंबर देऊन मोकळे होतात. संशोधक अलेस्सांद्रो अक्विस्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिट्सबर्गच्या एका मॉलमध्ये केलेला प्रयोग याला उत्तर देतो. काही ग्राहकांच्या हाती १० डॉलरचे निनावी भेटकार्ड दिले आणि खरेदीची नोंद ठेवणारे १२ डॉलरचे कार्ड बदल्यात घेण्याची मुभा दिली. ५२ टक्क्यांनी निनावी कार्डच ठेवले. दुसऱ्या गटाला आधी १२ डॉलरचे कार्ड दिले, तेव्हा दोन डॉलर सोडून निनावी कार्ड घेणारे १० टक्केही नव्हते. निवड एकच, फरक फक्त सुरुवातीला हातात काय होते याचा. खासगीपणाची किंमत माणसाच्या मनात कोरून ठेवलेली नसते. खासगीपणा आपल्याकडे आहे असे वाटले तर तो सोडवत नाही, आणि आधीच गेलेला वाटला तर त्यासाठी कुणी खिशात हात घालत नाही. मोबाइलवर बहुतेकांना तो गेलेलाच वाटतो. आखणीने ही समजूत बदलायची असते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. समजावत बसण्यापेक्षा संरक्षण मुळातच चालू का ठेवू नये? एप्रिल २०१६ मध्ये व्हॉट्सॲपने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे कूटलेखन सर्वांसाठी सुरू केले, तेव्हा अब्जाहून अधिक लोकांना काहीही शिकावे लागले नाही. पीजीपीला जे जमले नाही, ते असे न विचारता झाले. हे मान्यच करायला हवे: जिथे उत्तर सर्वांसाठी सारखे आहे, तिथे प्रश्न विचारणे हा वापरणाऱ्यावर लादलेला बोजा आहे. पण नकाशाला लोकेशन हवे असते, हवामानाच्या ॲपला अंदाजे गाव पुरते, आणि टॅक्सी बोलावताना अचूक ठिकाण एकदाच द्यायचे असते. असे निर्णय कोणतेही ॲप परस्पर घेऊ शकत नाही. तेव्हा चांगल्या आखणीने गुपचूप करण्यासारखे सारे गुपचूप करावे आणि माणसानेच ठरवायचे तेवढेच विचारावे. रोज दहा सूचना आल्या, तर अकरावी कुणी वाचत नाही.

तिसरी अडचण पुराव्यातच दडलेली आहे. ‘आज १,२०० ट्रॅकर अडवले’ हा आकडा डोळे दिपवतो. पण एकच ट्रॅकर अडवल्यावर पुन्हा पुन्हा दार ठोठावतो, त्यामुळे अडवलेल्या विनंत्यांची संख्या म्हणजे टळलेल्या हानीचे माप नव्हे. खोटी निश्चिंती तर याहून वाईट. शिकागो आणि हॅनोवर येथील संशोधकांच्या २०१८ च्या अभ्यासात ४६० पैकी निम्म्याहून अधिक लोकांचा असा समज आढळला, की खासगी ब्राउझिंगमध्ये गूगल खात्यात लॉग-इन केले तरी शोधांची नोंद राहत नाही. फेसबुकच्या ‘ओनाव्हो प्रोटेक्ट’ या ॲपने तर संरक्षणाच्या नावाखाली वापराची माहिती कंपनीच्याच व्यवसायासाठी गोळा केली. याच प्रकरणी २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या न्यायालयाने मेटाच्या, म्हणजे फेसबुकच्या मूळ कंपनीच्या, दोन उपकंपन्यांना मिळून दोन कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर दंड केला. म्हणून आपण काय करत नाही हेही ॲपने तितक्याच ठळकपणे सांगावे: तुम्ही स्वतः भरलेली माहिती, ज्यात लॉग-इन केले त्या कंपनीकडची नोंद, फोनच हाती लागलेला माणूस, यांपुढे आमचा उपाय नाही.

फोन हाती लागलेल्या माणसाचा हा शेवटचा मुद्दा आपल्याकडे विशेष लागू होतो. भारत, पाकिस्तान आणि बांगलादेशातील स्त्रियांविषयीच्या २०१८ च्या एका अभ्यासात दिसले, की फोन घरात हातोहात फिरत असल्याने त्या ॲपना कुलूप लावतात, संदेश किंवा इतिहास पुसतात, काही गोष्टी फोनवर करणेच टाळतात. त्यांच्यासाठी दूरच्या जाहिरात कंपनीइतकाच, कधी त्याहून जास्त, शेजारी बसलेला माणूस महत्त्वाचा असतो. अशा फोनवर ‘या आठवड्यात तुम्ही वापरलेली ॲप’ असा ठसठशीत अहवाल स्वतःच चुगली करील. पुरावा दाखवायचा, पण तो मागितल्यावर आणि कुलपाआड. भाषेचेही तसेच. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने संमतीची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतील भाषेत, म्हणजे मराठीतही, मिळण्याचा पर्याय दिला आहे. मात्र कायद्याच्या मसुद्याचे शब्दशः मराठी करून भागणार नाही. इंग्रजीतही ते कुणी वाचत नव्हते.

अशी आखणी जमली की नाही, हे किती लोकांनी ॲप घेतले किंवा त्यावर किती मिनिटे घालवली यावरून ठरवू नये. वापरणाऱ्याला आठवड्याने दोनच प्रश्न विचारावेत: हे ॲप तुमच्या फोनमध्ये काय थांबवते, आणि काय थांबवू शकत नाही? पहिल्याचे उत्तर आले आणि दुसऱ्याचे नाही, तर ॲपने विश्वास कमावलेला नाही, फक्त उसना घेतला आहे.