नेच्यांची ओळख आणि जोपासना

अहिल्यानगर जिल्हा, म्हणजेच पूर्वीचा अहमदनगर जिल्हा, बहुतांशी कमी पावसाचा प्रदेश होय. परंतु त्याच्या पश्चिमेस असलेला अकोले तालुका याला अपवाद आहे. कळसूबाई, रतनगड व हरिश्चंद्रगड ही सह्याद्रीची उंच ठाणी याच भागात येतात. घाटघर येथे तर इतका पाऊस पडतो की, लोक त्या गावास जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात. मृगाच्या सरी कोसळून गेल्या म्हणजे येथील कातळांच्या सांदींतून, झाडांच्या बुंध्यांवरून आणि जुन्या तटांतून घड्याळाच्या कमानीसारखी गुंडाळलेली कोवळी पाने डोके वर काढतात आणि हळूहळू उलगडू लागतात. ही नेच्यांची पाने होत.

नेच्यास फूल येत नाही, फळ धरत नाही आणि बीही लागत नाही. मग त्याचा वंश वाढतो तरी कसा? युरोपात एके काळी अशी समजूत होती की, नेच्याचे बी अदृश्य असते आणि ज्यास ते सापडेल तो स्वतःही अदृश्य होतो! वस्तुतः हे गुपित पानाच्या पाठीवरच असते. पूर्ण वाढलेले पान उलटून पाहावे. तेथे तपकिरी ठिपके किंवा रेषा आढळतात. तो रोग नव्हे, किडीची अंडीही नव्हेत. त्या बीजाणूंच्या इवल्या पिशव्या असून त्यांस बीजाणुधानी म्हणतात. पिशवी फुटली की धुळीसारखे सूक्ष्म बीजाणू वाऱ्यावर उधळले जातात.

नेचा ओळखण्याची खूण हीच. बागेत मोरपंखी नावाने लावतात ते झुडूप किंवा पुष्पगुच्छात घालतात ती शोभेची शतावरी यांस कोणी नेचा समजतात. पण त्यांच्या पानांमागे बीजाणू नसतात. ठिपक्यांची मांडणी पाहिली म्हणजे नेच्याची जातही पुष्कळदा कळून येते. ओलसर दरडींवर आणि विहिरींच्या दगडी बांधकामात हंसराज उगवतो. त्याचे देठ काळे व चकचकीत असतात आणि पर्णिकांच्या कडा खाली मुडपून त्यांखाली बीजाणुधानी झाकलेल्या असतात. त्याच्या एका जातीचे लांब पान वाकून टोकाने जमिनीस टेकले की तेथेच नवे रोप मूळ धरते. जणू तो पावले टाकीत पुढे चालतो. चंदेरी नेच्याच्या पानाची पाठ पांढऱ्या भुकटीने माखलेली असते. ते पान हातावर दाबले, तर त्वचेवर त्याची सुबक पांढरी नक्षी उमटते. सह्याद्रीतील झाडांवर व खडकांवर राहणाऱ्या बाशिंगास दोन प्रकारची पाने असतात. तपकिरी, कागदासारखी पाने पाचोळा साठवून मुळांस अन्न पुरवितात, तर मोठ्या हिरव्या पानांच्या पाठीवर बीजाणूंचे गोल ठिपके असतात. मयूरशिखा मात्र कोरड्या प्रदेशातील भिंतींच्या फटींतही तग धरते. उन्हाळ्यात ती वाळून मिटते आणि पाऊस लागताच पुन्हा हिरवी होऊन पंख्यासारखी पसरते.

जमेकातील शल्यवैद्य जॉन लिंडसे यांनी ही धूळ मातीत पेरून नेचे उगविले. तो वृत्तान्त 1794 साली प्रसिद्ध झाला. पुढे 1851 साली जर्मन शास्त्रज्ञ विल्हेल्म होफमायस्टर यांनी नेच्याच्या जीवनक्रमाचा उलगडा केला. बीजाणूपासून एकदम नेचा उपजत नाही. प्रथम बोटाच्या नखाहूनही लहान, हृदयाच्या आकाराची एक हिरवी पापडी तयार होते. तिच्यावर स्त्री-बीजे व पुं-बीजे निर्माण होतात. पुं-बीजास स्त्री-बीजापर्यंत पोहत जावे लागते. त्यासाठी पाण्याचा पातळ थर तरी हवाच. या मीलनातून खरा नेचा जन्मास येतो. म्हणूनच नेचा आणि ओलावा यांची संगत सुटत नाही.

घरी किंवा शाळेतही नेचा वाढविता येतो. ठिपके तपकिरी झालेल्या पानाचा एक तुकडा दोन कागदांमध्ये एक-दोन दिवस सावलीत ठेवावा; कागदावर धूळ जमते. पसरट कुंडीच्या तळाशी विटांचे तुकडे घालून वर पानांचे खत व वाळू यांचे मिश्रण भरावे. शेवाळ व बुरशी यांचा नाश व्हावा म्हणून त्यावर वडील माणसांच्या हातून उकळते पाणी ओतवून घ्यावे. माती निवल्यावर धूळ अगदी विरळ भुरभुरावी व कुंडीवर काच ठेवावी. कुंडी उजेडाच्या जागी, परंतु उन्हापासून दूर असावी. उकळून निववलेले पाणी ताटलीत घालून कुंडी तिच्यात ठेवावी. काही आठवड्यांनी हिरवी झाक दिसेल, मग पापड्या दिसतील. त्यांवर अधूनमधून पाण्याचा बारीक फवारा मारावा. पहिली पाने येण्यास काही महिने लागतात. येथे उतावीळपणा कामाचा नाही. रोपे सावरली की काच एकदम न काढता हळूहळू सरकवीत जावी.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? रानातून नेचा उपटून आणला की झाले! एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील लोकांनी हेच केले. लंडनचे डॉक्टर नॅथानियल वॉर्ड यांना 1829 साली बंद बाटलीतील ओल्या मातीत आपोआप उगवलेला नेचा दिसला. त्यावरून त्यांनी काचेच्या पेट्या सिद्ध केल्या आणि घरोघर नेचे ठेवण्याचे वेड पसरले. हौसेपायी लोकांनी दऱ्याखोरी धुंडाळली. किलार्नी नेच्यासारख्या दुर्मीळ जाती तर काही ठिकाणांहून नामशेष होण्याच्या पंथास लागल्या.

आपल्याकडे तसे घडता कामा नये. कळसूबाई व हरिश्चंद्रगड यांचा परिसर 1986 पासून अभयारण्य आहे; तेथील वनस्पती तोडण्यास वा उपटण्यास कायद्याने मनाई आहे. शिवाय घाटातील धुक्यात वाढलेला नेचा पाथर्डीच्या किंवा जामखेडच्या उन्हात आणून लावला, तर तो बहुधा चार दिवसांत करपतो. रानातील जागाही रिकामी होते आणि अंगणही ओसाड राहते. त्याऐवजी गावातील भिंतीवरच्या अथवा परिचिताच्या कुंडीतल्या नेच्याच्या एका पानाचा तुकडा घ्यावा. मूळ रोपाचे काही बिघडत नाही आणि त्या चिमूटभर धुळीत शेकडो नेच्यांचे बीज असते. ज्यास पानाची पाठ वाचता येते, त्यास मुळास हात घालण्याची गरज पडत नाही.