शीतकपाटाचे दार

कलाशाखेच्या विद्यार्थिनीने शीतकपाटावर, म्हणजे आपल्या रोजच्या बोलण्यातल्या फ्रिजवर लेख लिहावा, याचे कित्येकांना नवल वाटेल. परंतु ही वस्तू आता खेड्यापाड्यांतल्या घरांतही येऊ लागली आहे, आणि ती विकत घेताना जितका विचार होतो त्याच्या चौथा हिस्साही ती घरात उभी करताना होत नाही. तो न केल्यास काय होते, याचा अनुभव आमच्या घराने घेतला. म्हणून हा लेखप्रपंच.

गेल्या मे महिन्यात आमच्या घरी पहिल्यांदाच फ्रिज आला. तो हौसेखातर आला नव्हता. आजीला मधुमेह आहे आणि तिच्या इन्सुलिनच्या बाटल्या आम्ही शेजारच्या काकूंच्या फ्रिजमध्ये ठेवत होतो. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावे लागते. ते फार तापूनही चालत नाही आणि गोठूनही चालत नाही. दुकानाची माणसे आली, त्यांनी फ्रिज स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात भिंतीला चिकटवून उभा केला, पिन लावली आणि सही घेऊन निघून गेली. तिसऱ्या दिवशी पहाटे पाहते तो दार बोटभर उघडे, आतला दिवा जळतो आहे, दूध नासलेले आणि इन्सुलिनची बाटली हाताला कोमट! ती बाटली आजीला टोचण्याची कोणाची हिंमत झाली नाही. नवी आणावी लागली. ‘फ्रिजच फसका निघाला,’ असे आई म्हणाली. वास्तविक फ्रिजमध्ये काहीच दोष नव्हता.

दोष कोठे होता हे कळण्यासाठी फ्रिज काम कसे करतो ते आधी पाहू. फ्रिज थंडी निर्माण करतो, असा आपला समज असतो. खरे तर तो आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. खाली मागे असलेला कॉम्प्रेसर वायूला दाबतो. दाबल्याने वायू तापतो. हा तापलेला वायू मागच्या जाळीतून किंवा बाजूच्या पत्र्याआडच्या नळ्यांतून फिरताना आपली उष्णता खोलीत सोडतो आणि त्याचा द्रव होतो. पुढे तो केसासारख्या बारीक नळीतून फ्रीझरच्या नळ्यांत शिरतो, तेथे दाब एकदम कमी झाल्याने पुन्हा त्याची वाफ होते आणि त्या वाफेसाठी लागणारी उष्णता तो आतल्या पदार्थांतून ओढून घेतो. पाणी शिंपडलेल्या माठाला गारवा येतो, त्यामागेही बाष्पीभवनाचेच तत्त्व आहे. फरक इतकाच, की माठातले पाणी उडून जाते आणि येथे तोच वायू पुन:पुन्हा फिरत राहतो.

एवढे ध्यानात आले की फ्रिज बसवण्याचे सगळे नियम आपोआप उलगडतात. उष्णता बाहेर टाकायची तर बाहेर हवा खेळती हवी. म्हणून मागे व बाजूंना माहितीपुस्तिकेत दिलेली जागा सोडावी. शेगडीजवळ किंवा ऊन येणाऱ्या खिडकीसमोर फ्रिज ठेवू नये. बाजूचे पत्रे कोमट लागले तर घाबरू नये. उष्णता बाहेर पडत असल्याचीच ती खूण असते. फ्रिज आणताना तो उभाच आणावा. आडवा आणला असेल तर कॉम्प्रेसरचे तेल खाली उतरेपर्यंत काही तास उभा ठेवून मगच चालू करावा. पिन तीन खुंट्यांचीच असावी आणि ती अर्थिंग असलेल्या स्वतंत्र सॉकेटमध्ये लावावी. वीज गेली अथवा बटण बंद केले, तर चार-पाच मिनिटे थांबूनच पुन्हा सुरू करावा, कारण तेवढ्या वेळात आतला दाब समतोल होतो.

आता दाराकडे वळू. आमच्या फ्रिजबरोबर आलेली माहितीपुस्तिका इंग्रजी व हिंदीत होती. ती मी अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, वाचून दाखवू लागले. ‘समोरची बाजू मागच्यापेक्षा किंचित उंच असावी’ या वाक्यापाशी त्यांनी मला थांबवले. अण्णा गवंडीकाम करतात. शाळेत ते फार गेलेले नाहीत. ते म्हणाले, “अगं, दार बिघडत नसतं, चौकट बिघडती. चौकट ओळंब्यात नसली की दार आपसूक उघडतं नाहीतर मिटतं.” आणि थैलीतून पाणसळ काढून त्यांनी ती फ्रिजच्या माथ्यावर ठेवली. पाणसळीतला बुडबुडा नेहमी उंच बाजूकडे जातो. तो आमच्या मागच्या भिंतीकडे पळाला! म्हणजे फ्रिज पुढे कलला होता, आणि स्वतःच्याच वजनाने दार हळूहळू उघडत होते. शहाबादी फरशी त्या कोपऱ्यात मोरीकडच्या उतारावर बसवलेली होती, हे दुकानाच्या माणसांनी पाहिलेच नव्हते.

उपाय सोपा आहे. फ्रिजच्या समोरच्या पायांना आटे असतात. पाय फिरवून बाहेर काढला की ती बाजू उचलली जाते. एकाने फ्रिज किंचित मागे रेलून धरावा आणि दुसऱ्याने पाय फिरवावा. डावी-उजवी बाजू अगदी समपातळीत हवी. बुडबुडा फक्त दाराकडे थोडासा झुकला पाहिजे. पाणसळ नसेल तर दार अर्धे उघडून सोडून द्यावे. ते सावकाश आपणहून मिटले, तर पातळी साधली. फ्रिज स्टँडवर ठेवायचा असेल तर स्टँडचे चारही पाय आधी घट्ट टेकलेले असावेत.

पातळी साधूनही दार नीट बसत नसेल, तर दाराच्या कडेचे रबर पाहावे. या रबराच्या पोटात चुंबकाची पट्टी असते आणि तीच दार ओढून धरते. कागदाची पट्टी दारात धरून दार लावावे आणि पट्टी ओढून पाहावी. असे चारही कडांना वीतभर अंतराने करावे. जेथे पट्टी सैल निघते तेथून थंडावा गळतो. रबर चिकट झाले असेल तर साबणाच्या पाण्याने पुसावे. दुमडले असेल तर गरम पाण्यात पिळलेल्या फडक्याने शेकून सरळ करावे. दारच एका कोपऱ्यात खाली आलेले दिसल्यास वरच्या बिजागरीचे स्क्रू सैल करून दार उचलून धरावे आणि स्क्रू पुन्हा आवळावेत.

दार भिंतीवर आपटून पुरते उघडत नसेल, तर आतला भाजीचा कप्पा ओढता येत नाही. काही फ्रिजची दारे डावी-उजवी बदलता येतात. त्यासाठी फ्रिज बंद व रिकामा करून वरची बिजागरी काढतात, दार खालच्या खुंटीवरून उचलतात आणि दोन्ही बिजागऱ्या पलीकडे बसवतात. हे काम दोघांचे आहे. बिजागरीतून तारा जात असतील तर ते मेकॅनिकवरच सोपवावे. आमचे दार बदलता येण्यासारखे नव्हते, म्हणून आम्ही फ्रिजच भिंतीपासून बाजूला घेतला.

दाराच्या चुंबकामागे एक करुण इतिहास आहे. पूर्वी फ्रिजच्या दारांना बाहेरून अडकणारी खिटी असे. अमेरिकेत टाकून दिलेल्या फ्रिजमध्ये लपाछपी खेळताना मुले अडकत आणि गुदमरून मरत. म्हणून तेथे १९५६ साली कायदा झाला, की दार आतूनही उघडता आले पाहिजे. १९५८ च्या अखेरीपासून तो नव्या फ्रिजना लागू झाला आणि खिटीची जागा चुंबकाने घेतली. योगायोग असा, की गोदरेज कंपनीने भारतात बनवलेला फ्रिज बाजारात आणला तो १९५८ सालीच. आपल्याकडे पुष्कळ फ्रिजना आजही कुलूप असते. म्हणून जुना फ्रिज अंगणात टाकताना त्याचे दार काढूनच टाकावे. हे दोन स्क्रूंचे काम एखाद्या लेकराचा जीव वाचवील.

दार उघडे राहिले की बाहेरची दमट हवा आत शिरते आणि फ्रीझरमध्ये बर्फ साचतो. तो सुरीने खरवडू नये. नळीला भोक पडले तर वायू निघून जातो, आणि हल्लीच्या बऱ्याच फ्रिजमधला आयसोब्युटेन हा वायू ज्वालाग्राही असतो. बर्फ वितळवण्याचे बटण त्यासाठीच दिलेले आहे.

आजीचे इन्सुलिन आता मधल्या कप्प्यात असते. दाराच्या कप्प्यात नाही, कारण तेथे ऊब सर्वांत जास्त. फ्रीझरला टेकूनही नाही, कारण तेथे ते गोठेल. माहितीपुस्तिकेतले वाक्य मी वाचले खरे, पण त्याचा अर्थ मला अण्णांच्या पाणसळीने सांगितला. वाचकांनी आज घरी गेल्यावर कागदाची एक पट्टी आपल्या फ्रिजच्या दारात धरून पाहावी, एवढीच विनंती.