मोटारीचा अपघात आणि विमा कंपनीचा नकार

सन २०२४ च्या पावसाळ्यांत माझा पुतण्या शेजारच्या एका आजारी वृद्धास आपल्या मोटारींतून तालुक्याच्या दवाखान्यांत नेत होता. वाटेंत दिव्याविना उभ्या असलेल्या ट्रॉलीवर मोटार आदळली. ईश्वरकृपेनें माणसें बचावलीं. परंतु दुरुस्तीस सव्वा लाख रुपये लागले. विम्याचा हप्ता वेळेवर भरलेला होता. तरीही कंपनीचें पत्र आलें कीं, खाजगी गाडी भाड्यानें चालविल्यामुळें दावा नामंजूर.

हें भाडें आलें कोठून? चौकशीस आलेल्या इसमानें त्या वृद्धाच्या मुलाची एका इंग्रजी जबाबावर सही घेतली होती. मुलानें डिझेलपुरते तीनशें रुपये दिले होते. त्याचेंच भाडें झालें! त्यानें मजकूर वाचलाच नव्हता. बिचारा लाजेनें आमच्याकडे येईनासा झाला. आणि रोग्यास गाडी द्यावी कीं नाहीं, असा विचार गांवांत सुरू झाला.

पुतण्या रोज फोनवर भांडत असे. महसूल खात्यांतील कारकुनीनें मला एक गोष्ट शिकविली आहे: तोंडी तक्रारीस दप्तरांत जागा नसते. म्हणून मीं कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यास लेखी अर्ज करविला. नामंजुरीस पॉलिसीची कोणती अट लागू, तें विचारलें. सर्वेक्षकाच्या अहवालाची नक्कल मागितली. मुलाचा मराठी जबाब व दवाखान्याचा कागद जोडला आणि टपालाची पोच जपून ठेविली.

महिना लोटला, उत्तर नाहीं. मग विमा लोकपालाकडे तक्रार केली. हीं कार्यालयें मुंबईस व पुण्यास आहेत. सन २०१७ च्या नियमांप्रमाणें तेथें फी नाहीं, वकील नाहीं. कंपनीनें नकार दिल्यापासून एक वर्षाच्या आंत अर्ज करावा लागतो, आणि ५० लाख रुपयांपर्यंत भरपाई देववितां येते. निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. सुनावणींत त्या सहीपलीकडे भाड्याचा पुरावा कंपनीस दाखवितां आला नाहीं. रक्कम मिळाली. रबर व प्लॅस्टिकच्या भागांची निम्मी किंमत वजा झाली. पण ती पॉलिसीचीच अट असल्यानें तिजबद्दल तक्रार नाहीं.

अपघातांत कोणी जखमी अथवा मृत झाल्यास त्याच्या भरपाईचा मार्ग निराळा आहे. तो अर्ज मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे, शक्यतों सहा महिन्यांच्या आंत करावा.

शेतकरी बंधूंनो, अपघात होतांच कंपनीस व पोलीस ठाण्यास कळवा, गाडी हलविण्यापूर्वीं छायाचित्रें घ्या आणि प्रत्येक अर्जाची नक्कल ठेवा. न समजणाऱ्या भाषेंतील कागदावर मात्र सही करूं नका. सातबाऱ्यावरील नोंद आपण चारदां वाचून पाहतों. विम्याच्या जबाबास तितकाच वेळ द्यावा.