हा किडा काय करत होता?

कपाशीच्या पानावर सापडलेली एक अळी शेतकरी प्रशिक्षकापुढे धरतो. काळपट, नारिंगी ठिपक्यांची, काटेरी. "साहेब, ही कसली अळी? काय फवारू?" प्रशिक्षक नाव सांगत नाही, औषधही सांगत नाही. तो विचारतो, "कुठं होती? किती होत्या? काय करत होती?" शेतकरी परत झाडापाशी जातो, पान उलटून बघतो. अळी पान खात नाही, पानाखालच्या माव्याचा फडशा पाडते आहे. ढालकिड्याची अळी ती, कपाशीची राखणदार. हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला शेतकरी तिच्यावर पंप चालवत नाही.

उत्तर ठाऊक असूनही लगेच द्यायचे नाही, हा शेतीशाळेच्या प्रशिक्षकाचा पहिला धडा. कृषी पदवीधराला तोच सर्वांत जड जातो. चार वर्षे त्याने परीक्षेत उत्तरे देण्याचीच तयारी केलेली असते. गावात गेल्यावर लोकही "साहेब, काय मारायचं?" एवढेच विचारतात. शाश्वत शेतीचे आपले बरेचसे घोडे इथे अडले आहे, असे मला वाटते. सेंद्रिय कर्ब, मित्रकीटक, पाण्याचा ताळेबंद हे सगळे शब्द गावापर्यंत पोचले. पण ते शेतात दाखवू शकेल असा माणूस घडवण्यावर आपण फार कमी वेळ खर्च केला.

शेतीशाळेची ही पद्धत इंडोनेशियाची. तिथे भाताचे नवे वाण आले, खते आली आणि सरकारी अनुदानामुळे कीटकनाशकेही स्वस्तात मिळू लागली. मग तपकिरी तुडतुड्यांनी भातखाचरे करपवली. फवारण्या वाढवल्या तसे तुडतुडेही वाढले. कारण तुडतुड्याची मादी भाताच्या पर्णकोषाच्या आत अंडी घालते आणि फवाऱ्यातून ती बचावतात. मरतात ते कोळी आणि तुडतुड्यांना खाणारे इतर कीटक. अंडी फुटून पिल्ले बाहेर येतात तेव्हा त्यांना खाणारे रानात कोणी उरलेले नसते. १९८६ मध्ये तिथल्या सरकारने भातावर वापरल्या जाणाऱ्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली, पुढे अनुदानही बंद केले. पण बंदीच्या हुकमाने शेतकऱ्याच्या मनातली भीती जात नाही. म्हणून १९८९ पासून संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या मदतीने शेतीशाळा सुरू झाल्या.

या कार्यक्रमातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे प्रशिक्षकांची तयारी. सरकारी कर्मचाऱ्यांना दोन दिवसांच्या कार्यशाळेचे प्रमाणपत्र देऊन गावात धाडले नाही. त्यांना हंगामभर भात स्वतः पिकवायला लावला. लावणीपासून कापणीपर्यंत चिखलात उभा राहिलेला माणूस शेतकऱ्याशी वेगळ्या भाषेत बोलतो.

महाराष्ट्राने ऐंशीच्या दशकात 'प्रशिक्षण आणि भेट' योजना पाहिली. विद्यापीठातले शास्त्रज्ञ कर्मचाऱ्यांना शिकवत, कर्मचारी ठरल्या दिवशी गावात जाऊन ते सांगत. माहिती वरून खाली येई, प्रश्न मात्र खालून वर क्वचितच जात. २००८ च्या खरिपात पाने खाणाऱ्या अळ्यांनी सोयाबीनची चाळण केली, तेव्हा उद्रेक वेळेत ओळखणारी यंत्रणाच नाही हे उघडे पडले. त्यातून पुढच्या हंगामापासून 'क्रॉपसॅप' हा कीड-रोग सर्वेक्षण आणि सल्ल्याचा प्रकल्प उभा राहिला. २०१८ पासून नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाने मुख्यतः विदर्भ-मराठवाड्यातल्या गावांत शेतीशाळा नेल्या. एक यजमान शेतकरी, त्याचे रान, आणि शेजारी जुन्या पद्धतीचा तुलनेचा प्लॉट.

चांगली शेतीशाळा सकाळी, ऊन चढायच्या आत भरते. पाच-पाच जणांचे गट कपाशीत शिरतात. पाने खालच्या बाजूने बघायची, कारण मावा, तुडतुडे, पांढरी माशी तिथेच बसतात. पाकळ्या एकमेकींना चिकटून न उमललेले फूल दिसले की ती डोमकळी. ती उकलायची. आत गुलाबी बोंडअळी सापडते, मात्र लहानपणी ती पांढुरकी असते. गुलाबी रंग नंतर चढतो. नावावर विसंबलेला माणूस तिला ओळखतच नाही. कामगंध सापळ्यातले पतंग मोजायचे. सलग तीन दिवस दर सापळ्यात रोज आठ किंवा जास्त पतंग आले, तर आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली असे धरतात. मग झाडाखाली मोठा कागद पसरून मध्ये झाड काढायचे, एका बाजूला शत्रुकिडी, दुसऱ्या बाजूला मित्रकीटक, वर आभाळ, खाली जमिनीतली ओल. फवारायचे की थांबायचे हे गट सांगतो. प्रशिक्षक सर्वांत शेवटी बोलतो.

तोवर गप्प बसणे, एकाच बोलक्या पुढाऱ्याला सगळी चर्चा खाऊ न देणे, बायकांना बोलते करणे, ही कामे कीटकशास्त्राच्या पुस्तकात नसतात. निंदणी आणि वेचणी करणाऱ्या बायकांच्या हाताला किडके बोंड आधी लागते. तरी सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून प्रशिक्षणाच्या यादीत त्या अनेकदा नसतातच. हैदराबादच्या राष्ट्रीय वनस्पती स्वास्थ्य व्यवस्थापन संस्थेत राज्यांच्या अधिकाऱ्यांना पीक-परिसंस्थेचे असे निरीक्षण शिकवतात. मित्रकीटकांना आसरा देणारी फुलझाडे बांधावर कशी लावायची तेही शिकवतात. कृषी महाविद्यालयांचे कृषीदूत आणि कृषीकन्या शेवटच्या वर्षी गावात राहतात. त्या मुक्कामात एक प्लॉट पेरणीपासून काढणीपर्यंत त्यांच्याच जबाबदारीवर दिला, तर फोटोंच्या फायलीपेक्षा कितीतरी जास्त हाती लागेल.

आणि कृषी सेवा केंद्राचा दुकानदार? पीक पिवळे पडले की शेतकरी पान खिशात घालून आधी त्याच्याकडे जातो. हैदराबादच्या 'मॅनेज' संस्थेने हे ओळखून २००३ मध्ये निविष्ठा विक्रेत्यांसाठी 'देसी' पदविका सुरू केली. ४८ आठवड्यांचा अभ्यासक्रम, वर्ग आठवडी सुट्टीच्या दिवशी, सोबत शेतभेटी. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. डोक्याएवढी वाढलेली दाट कपाशी, एकात एक मिसळलेली औषधे, तोंडाला साधा रुमाल. डब्यावरचा लाल त्रिकोण म्हणजे सर्वाधिक विषारी, हे काउंटरवर कुणी बोट ठेवून सांगणे हा जिवाशी गाठ असलेला कृषी विस्तार आहे. विक्रीवर पोट असलेल्या माणसाकडून 'या आठवड्यात काही घेऊ नका' हा सल्ला दर वेळी मिळेल असे मी मानत नाही. म्हणूनच विकण्यासारखे काही नसलेला कृषी सहायक गावात हवाच.

पण त्याच्या पदरी अनेक गावे असतात. पंचनामे, अनुदानाचे अर्ज, पीक विम्याच्या तक्रारी, ऑनलाइन नोंदी, सगळे त्याच्याच माथी. अतिवृष्टीचे पंचनामे निघाले की शेतीशाळा पुढे ढकलली जाते. बोंडअळीची अंडी मात्र चार-पाच दिवसांत फुटतात, अळी बोंडात शिरते आणि एकदा शिरली की औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. तेव्हा प्रशिक्षण दिलेल्या माणसाला निदान कपाशीला पाते लागल्यापासून बोंडे भरेपर्यंत इतर कामांतून मोकळे ठेवा, एवढी मागणी शेतकऱ्यांनी ग्रामसभेत आणि आमदारांपुढे लावून धरायला हवी. त्यासाठी नवी योजना लागत नाही. कामांची वाटणी करणारा एक शासकीय आदेश पुरेसा आहे, आणि तो पेरणीच्या आधी निघायला हवा.