निवृत्तीनंतरचा टॅक्स आणि घर

जिल्हा परिषदेच्या शाळेतला शिक्षक 58व्या वर्षी निवृत्त होतो. तोवर टॅक्स पगारातूनच कापला जातो; कागद कार्यालयात दिले की झाले. पेन्शन सुरू झाली की हे सारे त्याच्या अंगावर येते. जळगाव-धुळ्याकडच्या आपल्या घरांत नेमके तेव्हाच मुलीचे लग्न, घराचा स्लॅब, हजचा इरादा असे सगळे एकदम उभे असते.

दिलाशाची गोष्ट आधी. ग्रॅच्युइटी, भविष्य निर्वाह निधी आणि पेन्शनचा भाग विकून मिळालेली रक्कम यांवर या शिक्षकांना टॅक्स नाही. (1 नोव्हेंबर 2005 पासून लागलेल्या आमच्यासारख्यांचे गणित वेगळे.) दरमहाची पेन्शन मात्र पगारासारखीच उत्पन्नात धरतात.

घोटाळा होतो तो व्याजात. आपल्यातले बरेच जण व्याज स्वतःसाठी वापरत नाहीत, सवाबची नियत न ठेवता गरजूंना देऊन टाकतात. पण कायद्याच्या नजरेत ते तुमचेच उत्पन्न; देऊन टाकले म्हणून हिशेबातून सुटत नाही. बँक ते पॅन नंबरावर कळवते, म्हणून रिटर्नमध्ये दाखवावेच लागते.

समजा, पेन्शन महिना 45,000, म्हणजे वर्षाला 5,40,000. बँकेत 30 लाखांची ठेव, 7 टक्क्यांनी व्याज 2,10,000. एकूण साडेसात लाख. नव्या करपद्धतीत पेन्शनमधून 75,000 वजा होतात, उरतात 6,75,000. आर्थिक वर्ष 2025-26 साठी 12 लाखांपर्यंतच्या अशा उत्पन्नावर सवलतीमुळे टॅक्स शून्य. तरीही बँक 10 टक्के, म्हणजे 21,000 रुपये टीडीएस कापून ठेवते. ते रिटर्न भरल्यावरच परत मिळतात. उत्पन्न 4 लाखांच्या वर असल्याने टॅक्स शून्य असला तरी रिटर्न भरावेच लागते. कपात टाळायची तर 2025-26 पर्यंत वर्षाच्या सुरुवातीलाच बँकेत 15जी फॉर्म द्यावा लागे. वयाच्या साठीनंतर 15एच. साठी उलटली नसताना 15एच भरून देणारे निवृत्त सर दरवर्षी भेटत!

पत्नीच्या नावावर ठेव केली की टॅक्स वाचतो, हाही गैरसमजच. पैसा पतीने दिलेला असेल तर व्याज पतीच्याच उत्पन्नात मिळवतात. खासगी टूरवाल्याकडून हज-उमरा केला तर बिलात टीसीएस लागतो. ती पावती जपा, रिटर्नमध्ये तो वळता होतो. आणि टॅक्स भरला म्हणजे जकात अदा झाली असे नाही, तिचा हिशेब वेगळाच.

पैसा आल्याची खबर नातेवाइकांत लगेच पोहोचते. कर्ज-ए-हसना जरूर द्या, पण लिहून द्या. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम सूरह बकरामध्येच आहे.

माझ्या मते सर्वांत मोठी उणीव दुसरीच आहे. पेन्शनची फाइल कुठे आहे, हे घरातल्या बाईला ठाऊक नसते. पतीच्या पश्चात तिला कुटुंब निवृत्तिवेतन मिळते आणि त्याचा नियम निराळा आहे: 75,000 ची वजावट नाही, एक तृतीयांश किंवा नव्या पद्धतीत 25,000, यांतील कमी असेल तेवढीच. पेन्शनचा आदेश, पॅन, आधार आणि बँकेतले नामनिर्देशन तिला आजच दाखवा. निवृत्त माणूस दिवसभर घरीच असतो, तेव्हा एक दुपार यासाठी काढणे अवघड नाही. नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यायला बँकेत जाल, तेव्हा तिलाही सोबत न्या.